तब्येतीचा रोजमेळ

आमच्या तालुक्याच्या गावी जे बालरोगतज्ज्ञ आहेत, त्यांच्या दवाखान्याच्या भिंतींवर ससे, पोपट आणि हत्ती रंगविलेले आहेत. सहा वर्षांपूर्वी त्या चित्रांखालच्या बाकावर मी माझ्या धाकट्या मुलाला घेऊन बसलो होतो. आजूबाजूला आयांच्या मांडीवर तान्ही मुले होती आणि त्यांच्यामध्ये माझा उंचापुरा, दाढी फुटलेला मुलगा कानांवर हात ठेवून पुढेमागे डुलत होता. तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "शेठजी, बाळ आता अठरा वर्षांचा झाला. यापुढे त्याला मोठ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवायला हवे." मी हसत म्हटले, "डॉक्टरसाहेब, आमच्यासाठी तो कायमचा बाळच." ते हसले नाहीत. त्यांनी एका कागदावर शहरातील मेंदूविकारतज्ज्ञांचे नाव लिहून दिले. तो कागद मी पेढीवर आणला, गल्ल्यात ठेवला आणि विसरलो.

घरात त्याला सर्वजण बाळ म्हणूनच हाक मारतात. तो आज चोवीस वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे. ज्याला सर्वत्र ऑटिझम म्हणतात, ती अवस्था त्याला जन्मापासून आहे. तो मोजके शब्द बोलतो, गर्दी आणि कुकरची शिट्टी त्याला सहन होत नाही, ठरलेला क्रम मोडला की तो अस्वस्थ होतो. आमच्या भुसाराच्या आडतीवर तो रोज दुपारी येतो. बारदान मोजण्यात आणि पावत्या क्रमांकाने लावण्यात त्याची चूक आजवर आमच्या दिवाणजींना सापडलेली नाही. त्याच्याविषयी मी आजपर्यंत कोठेही लिहिले नव्हते. आज लिहितो आहे, कारण माझ्याकडून ज्या चुका झाल्या, त्या आपल्या समाजातील दुसऱ्या एखाद्या घरात होऊ नयेत.

लहानपणी त्याच्यासाठी आम्ही काय केले नाही? पुण्यापर्यंत हेलपाटे घातले, बोलण्याचे शिक्षण दिले, हातांचे व्यायाम करवून घेतले. पंधराव्या वर्षी त्याला पहिली आकडी आली, तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी सकाळ-रात्रीच्या गोळ्या सुरू केल्या. परंतु अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर हे सारे जणू आपोआप थांबले. शाळा संपली, शिक्षिका सुटल्या, डॉक्टर सुटले. जुनीच चिठ्ठी दाखवून आम्ही गोळ्या आणत राहिलो. मध्यंतरी त्याचे वजन वाढले, पण गोळीचे प्रमाण तेच राहिले. कोणी विचारले की मी सांगत असे, "बाळची तब्येत उत्तम आहे, दोन-अडीच वर्षांत दवाखान्याची पायरी चढलेला नाही." मी हे अभिमानाने सांगत होतो. ज्या दुकानाचा हिशेब अडीच वर्षांत तपासलाच नाही, ते नफ्यात आहे असे म्हणण्यासारखेच ते होते.

याला आणखी एक कारण होते. ते लिहिताना हात थांबतो, तरी लिहितो. त्याच सुमारास आमच्या कन्येच्या सोयरिकीची बोलणी सुरू होती. गावातील दवाखान्यात आपलीच माणसे बसलेली असतात. मुलीच्या भावाला घेऊन आपण तेथे वारंवार दिसलो तर गोष्ट पाहुण्यांपर्यंत जाईल, असे मला वाटे. पाहुण्यांना आम्ही "मुलगा थोडा अबोल आहे" एवढेच सांगितले होते. ते असत्य नव्हते. पण सत्यही नव्हते.

त्या हिवाळ्यात बाळ स्वतःच्या उजव्या गालावर मुठीने मारू लागला. रात्ररात्र जागू लागला. भाकरी पुढे आली की ताट लोटून देई. एकदा त्याने आपल्या आईचा हात धरून जोराने झिडकारला. आम्हाला वाटले, वयात आला आहे, स्वमग्नता वाढली आहे. आम्ही त्याला गुपचूप दूरच्या शहरात मानसरोगतज्ज्ञांकडे नेले. आम्ही त्यांना केवळ त्याचे वागणे सांगितले, तेव्हा त्यांनी औषधही वागण्याचेच दिले. तो सुस्त झाला, जाड झाला, पण गालावर मारणे थांबले नाही. गोळीची मात्रा वाढली. असे चार महिने गेले. "लग्न पार पडू दे, मग मोठ्या डॉक्टरांना दाखवू," असे मी त्याच्या आईला प्रत्येक आठवड्याला सांगत होतो.

लग्नाच्या गडबडीत घरात बेसनाचे लाडू वळले जात होते. बेसनाचा लाडू हा बाळचा जीव की प्राण. माझ्या मातोश्रींनी त्याच्या हातात एक लाडू ठेवला. त्याने एक घास घेतला, तोंड वाकडे केले आणि लाडू परत ताटात ठेवला. मातोश्री त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "अरे, हा किती दिवस एकाच बाजूने चावतो आहे, ते पाहिलेस का? याची दाढ दुखते आहे."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईने जे एका लाडवावरून ओळखले, ते आम्हा शिकलेल्यांना चार महिन्यांत दिसले नाही.

दंतवैद्यांच्या खुर्चीवर तो बसेना. दोन ठिकाणाहून आम्ही परत आलो. तिसऱ्या ठिकाणी एक तरुण डॉक्टर भेटल्या. त्यांनी पहिल्या दिवशी त्याला नुसते खुर्चीला हात लावू दिला, दुसऱ्या दिवशी बसू दिले, तिसऱ्या दिवशी आरसा दाखवून तोंड उघडायला सांगितले. प्रत्येक वेळी सकाळची पहिली वेळ दिली, म्हणजे बाहेर गर्दी नसे. उजवीकडच्या दोन दाढा किडल्या होत्या आणि एकीखाली पू झाला होता. त्या रुग्णालयात भूल देऊन काढाव्या लागल्या. रुग्णालयात संमतीपत्रावर सही करताना मला विचारले गेले, "मुलगा सज्ञान आहे. तुम्ही त्याचे कायदेशीर पालक आहात का?" बाप म्हणून मला त्या प्रश्नाचा राग आला, पण प्रश्न योग्य होता. त्याविषयी पुढे लिहितो. दाढा निघाल्यानंतर आठवड्याभरात गालावर मारणे थांबले. तो रात्री झोपू लागला. ती वागण्याची औषधेही डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली. ज्याला आम्ही चार महिने 'स्वमग्नता' म्हणत होतो, ती दाढ होती.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला वैद्यकात स्वतंत्र ओळख दिली. त्यामुळे की काय, आजही आपल्या मनात ऑटिझम म्हणजे लहान मुलांची गोष्ट अशीच समजूत आहे. परंतु त्या अकरांपैकी पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट मोठा झाला, आपल्या गावातील कौटुंबिक बँकेत त्याने आयुष्यभर नोकरी केली आणि २०२३ साली तो वारला, तेव्हा त्याचे वय ८९ वर्षे होते. म्हणजे स्वमग्न मूल तरुण होते, प्रौढ होते, वृद्धही होते. आणि प्रत्येक वयाचे आजार त्यालाही होतात. कॅलिफोर्नियातील एका मोठ्या आरोग्यसेवा संस्थेच्या नोंदींवरून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वमग्न प्रौढांमध्ये आकडी, निद्रानाश, पोटाचे विकार, चिंता आणि नैराश्य यांबरोबरच मधुमेह, रक्तदाब आणि लठ्ठपणा यांचेही प्रमाण इतरांपेक्षा अधिक असल्याचे त्यात दिसले. मद्य आणि तंबाखू यांचे सेवन त्यांच्यात कमी असूनही असे होते. स्वीडनमधील २०१६ च्या अभ्यासात अशा व्यक्तींना अकाली मृत्यूचा धोका अधिक असल्याचे आढळले.

यामागची कारणे समजण्यास कठीण नाहीत. मोजकेच पदार्थ खाण्याचा हट्ट, व्यायामाचा अभाव, काही औषधांनी वाढणारे वजन ही शरीराची कारणे झाली. शिवाय दुखणे सांगता न येणे, दवाखान्यातील दिवे, आवाज आणि स्पर्श सहन न होणे, आणि जे काही होईल ते 'त्याच्या ऑटिझममुळेच' असे घरच्यांनी आणि कित्येकदा डॉक्टरांनीही धरून चालणे, ही कारणे आहेतच. आपल्याकडे अशा मुलांना वेदना होत नाहीत असेही म्हणतात. वेदना होतात, ती सांगण्याची रीत मात्र निराळी असते. आकडीविषयी सांगायचे तर स्वमग्न व्यक्तींमध्ये ती अगदी बालपणी किंवा किशोरवयात प्रथम उद्भवण्याचा संभव अधिक असतो. म्हणजे बालरोगतज्ज्ञ सुटतात, त्याच वयाच्या आसपास मेंदूविकारतज्ज्ञांची गरज वाढते.

हे सारे वाचूनही माझी दुसरी चूक व्हायची ती झालीच.

त्याच वर्षी आमच्या स्थानकात महासतीजींचा चातुर्मास होता. बाळ आपल्या आजीचे बोट धरून रोज प्रवचनाला जाऊ लागला. त्याला किती समजते, असे लोक विचारीत. त्याला एक गोष्ट पूर्ण समजली: सूर्यास्तानंतर तोंडात काही घालायचे नाही, पाणीही नाही. आजी चौविहार करीत असे. त्यानेही सुरू केला. आम्हाला आनंद झाला, आम्ही कौतुक केले. त्याची रात्रीची गोळी नऊ वाजता असे, याचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नाही. त्याची आई नेहमीप्रमाणे गोळी देत असे, तो ती तोंडात घेई आणि खोलीत जाई. पर्युषणाच्या थोडे आधी, बाजाराच्या दिवशी, आडतीवर हमालांच्या देखत त्याला मोठी आकडी आली. पहिली ओसरते न ओसरते तोच दुसरी आली. नंतर खिडकीच्या कट्ट्यावर, पडद्यामागे, एका रेषेत मांडलेल्या अकरा गोळ्या सापडल्या.

शहरातील रुग्णालयात आम्ही रात्री पोहोचलो. गाडी चालवीत होते आमचे जावई. ज्यांच्यापासून आम्ही बाळची अवस्था लपविली होती, ते रात्रभर त्याच्या उशाशी बसले. त्याला दिव्याचा त्रास होतो हे पाहून त्यांनी आपला रुमाल त्याच्या डोळ्यांवर धरला. सकाळी मला एवढेच म्हणाले, "पप्पा, आधी सांगितले असते तर आधी आलो असतो."

गल्ल्यातील कागदावर ज्यांचे नाव होते, तेच मेंदूविकारतज्ज्ञ तेथे आले. त्यांनी मला हाताने थांबविले, खुर्ची ओढून ते बाळच्या समोर बसले आणि शांतपणे म्हणाले, "तुम्हाला रात्रीची गोळी का नको वाटते?"

तुम्ही! त्याच्या एकवीस वर्षांच्या आयुष्यात त्याला 'तुम्ही' म्हणणारा हा पहिला माणूस होता. बाळ बराच वेळ गप्प होता. मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा हात वर केला. मग बाळ म्हणाला, "सूर्य गेला."

डॉक्टरांना अर्थ लागला नाही. मला लागला, आणि तेथेच माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी चौविहार म्हणजे काय ते सांगितले. ते म्हणाले, "एवढेच ना? हे मला आधी कळायला हवे होते." त्यांनी हळूहळू विरघळणारी दुसरी गोळी निवडली, वजनाप्रमाणे मात्रा ठरविली आणि सायंकाळची वेळ साडेपाचची केली. वर्षभरात कोणत्याही ऋतूत आपल्याकडे साडेपाचला सूर्य मावळलेला नसतो. (प्रत्येकाचे औषध निराळे असते. आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणीही गोळीची वेळ बदलू नये. आकडीची गोळी एकाएकी थांबविणे तर फार धोक्याचे आहे.) घरी आल्यावर आम्ही महासतीजींनाही सारे निवेदन केले. त्या म्हणाल्या की पच्चक्खाणाला आगार असतात आणि आजारपणातील औषधाची मोकळीक त्यांत आहेच. नंतर त्यांनी बाळला जवळ बोलावून सांगितले, "दवाखान्यात डॉक्टर रात्री औषध देतील, तर घ्यायचे." बाळने घरी येऊन ते वाक्य दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवले. त्याला नियम मोडता येत नाही. पण नियमातील सूट हाही नियमच आहे, हे त्याने स्वीकारले.

त्या वर्षीच्या संवत्सरीला प्रतिक्रमणानंतर मी सर्वांना खमावले. आपण व्यापारी माणसे, देणे-घेणे असलेल्या प्रत्येकाला आठवून आठवून क्षमा मागतो. माझ्या मुलासमोर मात्र मी इतक्या वर्षांत कधी हात जोडले नव्हते. त्याची काय क्षमा मागायची, असेच वाटत आले होते. त्या दिवशी मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि "मिच्छा मि दुक्कडं" म्हणालो. त्याने माझे जोडलेले हात पाहिले, ते सरळ केले आणि आपला उजवा गाल माझ्या हाताला लावला. तो काय म्हणत होता, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण गाल उजवाच होता.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कारण त्या मला कोणी वेळेवर सांगितल्या नव्हत्या.

पहिली गोष्ट वहीची. आपण रोजमेळ लिहिल्याशिवाय पेढी बंद करीत नाही. तसाच आम्ही बाळच्या तब्येतीचा रोजमेळ सुरू केला आहे: झोप किती, जेवण काय, शौचास झाली की नाही, गोळी केव्हा, काही नवे वागणे दिसले का. महिन्याची खतावणी काढली की जे डोळ्यांना दिसत नाही ते कागदावर दिसते. त्याचा रागाचा दिवस हा बहुधा बद्धकोष्ठाचा तिसरा दिवस असतो, हे आम्हाला वहीनेच शिकविले. वागणे एकाएकी बदलले की आता आम्ही प्रथम शरीर तपासतो: दात, कान, पोट, लघवी, मग मन.

दुसरी गोष्ट एका पानाची. इंग्लंडमधील रुग्णालयांत अशा रुग्णांसाठी 'हॉस्पिटल पासपोर्ट' नावाची माहितीपत्रिका वापरतात. आम्ही तशीच मराठीत केली आहे. तो कसा बोलतो, दुखले की काय करतो, कशाने घाबरतो, कशाने शांत होतो, कोणती औषधे चालू आहेत, चौविहार करतो, हे सारे एका पानावर आहे. नवे डॉक्टर ते दोन मिनिटांत वाचतात. तपासणीची वेळ आम्ही नेहमी पहिली मागतो, आणि रक्त काढण्यासाठी माणूस घरी बोलावतो. साखर, रक्तदाब, वजन आणि दात यांची तपासणी वर्षातून एकदा ठरलेली आहे. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळ आढळते. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलाच्या बाबतीत त्याकडे अधिक लक्ष हवे.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य झालेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढण्यात कमीपणा नाही. मूल अठरा वर्षांचे झाले की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, जिच्यात जिल्हाधिकारी असतात, पालकत्वासाठी अर्ज करता येतो. याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या खर्चासाठी आहे. तिच्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागत नाही. जुन्या करप्रणालीने विवरणपत्र भरणाऱ्यांना ७५,००० रुपयांची, आणि अपंगत्व तीव्र असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. आपण एकेका पावतीची वजावट शोधतो, आणि ही मात्र लाजेपोटी सोडून देतो.

चौथी गोष्ट लाजेचीच आहे. आपल्या घरांत अशी मुले आहेत. ती माडीवर असतात, मागच्या खोलीत असतात, पाहुणे आले की 'झोपलेली' असतात. ती लहान असताना आपण धावलो. ती मोठी झाल्यावर आपणच थकलो, आणि थकव्याला 'आता काय व्हायचे ते होवो' असे नाव दिले. परंतु तरुण मुलाच्या दाढेचे दुखणे हे काही त्याचे कर्म म्हणून बघत बसण्याची गोष्ट नव्हे. ती दंतवैद्यांकडे नेण्याची गोष्ट आहे. आणि आपण गेल्यानंतर त्याच्या भावंडांच्या हाती मालमत्तेच्या कागदांबरोबर त्याच्या तब्येतीची वहीही पडली पाहिजे. नाहीतर त्याला काय होते आहे, हे पुन्हा कोणालाच कळणार नाही.

मेंदूविकारतज्ज्ञांकडे आम्ही दर सहा महिन्यांनी जातो. त्यांच्या भिंतीवर ससे-पोपट नाहीत. बाळ आपल्या पाळीची वाट पाहत बसतो, आत गेल्यावर आपली वही स्वतः टेबलावर ठेवतो आणि डॉक्टर "कसे आहात?" असे विचारतात, तेव्हा त्याच्याऐवजी मी उत्तर देत नाही. आकडी येऊन आता दोन वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

हे लिहीत असता साडेपाच वाजले. तो आला, पाण्याबरोबर गोळी घेतली, रोजमेळाच्या रकान्यात खूण केली आणि वही माझ्यापुढे सरकविली. मी सही केली.